बडोद्यात कॉर्पोरेशनच्या स्विमिंग पूलला जायचंय? मग हे प्रश्न तुम्हालाही पडले असणार

मार्च संपत आला, ऊन चाळिशीकडे सरकायला लागलं की आपल्या मराठी मंडळींच्या सगळ्या ग्रुपवर तेच प्रश्न फिरायला लागतात, फॉर्म कुठे मिळतो, लेडीज बॅच असते का, बरमुडा चालतो का. दरवेळी वेगवेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय.

पालिकेचे पूल आहेत कुठे?

लालबाग, कारेलीबाग आणि अलकापुरीतला सरदारबाग, ही तीन नावं बहुतेक बडोदेकरांच्या तोंडात असतात. दांडिया बाजार, नवापुरा या बाजूच्यांना लालबाग सोयीचा, सलाटवाडा-फतेपुऱ्याकडच्यांना कारेलीबाग, आणि स्टेशनच्या पलीकडे राहत असाल तर सरदारबाग. पण घराजवळचा आहे म्हणून थेट टॉवेल घेऊन निघू नका, कुठलातरी पूल दुरुस्तीसाठी बंद असणं हे आपल्याकडे नेहमीचंच आहे, आधी एक चक्कर मारून गेटवरचा बोर्ड वाचा. नाहीतर वॉचमनकाकांना विचारा, त्यांना ऑफिसपेक्षा जास्त माहिती असते.

एवढी नदी आहे, तलाव आहेत, मग पैसे भरून पूल कशाला?

हा प्रश्न नेहमी पुण्या-साताऱ्याहून आलेले पाहुणे विचारतात, बडोद्याचा माणूस विचारत नाही. तिकडे काकाने कमरेला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकललं आणि दोन दिवसांत पोहायला आलं, असल्या गोष्टी घरोघरी आहेत. इथे आपली विश्वामित्री गावाच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, दोन-चार नाही, भरपूर. कामाटीबागेजवळ नदीवरच्या पुलावर हिवाळ्यात उभं राहिलात तर काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा तर मगरी लोकांच्या सोसायट्यांत, रस्त्यांवर निघाल्या होत्या. त्यामुळे नदीत उतरण्याचा विषयच नाही. सूरसागर तलाव फिरायला आणि बाकरवडी खात बसायला छान आहे, पोहायला नाही.

आणि १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, ते इथल्या कुठल्याही आईबापाच्या मनातून जात नाही. पोहता आलं असतं तर वाचले असते असं मी अजिबात म्हणणार नाही, तिथला प्रश्न लाइफ जॅकेटचा आणि बोटीत जास्त माणसं भरण्याचा होता. पण त्यानंतर खूप घरांत आपल्या पोराला पाण्याची ओळख पाहिजेच हे बोलणं सुरू झालं, आणि या गावात ती ओळख करून घ्यायची जागा म्हणजे पूलच. जिमला हवं तर जा हवं तर सोडा, पण पूल मी गरजेत धरते.

मेंबरशिप कशी घ्यायची, काय काय लागतं?

कॉर्पोरेशनच्या वेबसाइटवर बघा किंवा सरळ पूलच्या ऑफिसात जा. पासपोर्ट फोटो, आधारची झेरॉक्स, डॉक्टरचं सर्टिफिकेट, आणि मुलासाठी असेल तर वयाचा पुरावा, एवढं फाइलमध्ये घालूनच जा म्हणजे परत फेरी पडत नाही. फी वयानुसार, महिन्यानुसार वेगळी असते आणि बदलत राहते, ताजा आकडा तिथल्या बोर्डवर असतो तोच खरा, कुणाच्या फॉरवर्डवर जाऊ नका. पावती जपून ठेवा, कार्ड हातात येईपर्यंत तोच तुमचा पास.

एक सल्ला, एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की अख्खं बडोदं एकदम जागं होतं आणि सकाळच्या बॅचा पटापट भरतात, त्यामुळे फेब्रुवारीतच चौकशी करा. आणि ज्यांना गर्दी नको त्यांच्यासाठी खरी मजा नवरात्रात! रात्रभर गरबा खेळून सकाळी सहाला कोण उठतंय, पूल अर्धा रिकामा. डिसेंबर-जानेवारीतही गर्दी नसते पण उघड्यावरच्या पूलचं पाणी गरम केलेलं नसेल तर पहिली उडी मारताना आईच आठवते.

डॉक्टरचं सर्टिफिकेट म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी ना?

ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता सही आणणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. फिट येत असतील, हृदयाचं काही असेल, बीपी वरखाली होत असेल, कानाच्या पडद्याला भोक असेल, दमा असेल तर डॉक्टरला नीट सांगा, आणि कोचलाही सांगा. यातले बरेच लोक पोहू शकतात, फक्त काठावरच्या माणसाला माहीत पाहिजे की याच्यावर जरा जास्त लक्ष ठेवायचं आहे. जमिनीवर फिट आली तर माणूस पडतो, पाण्यात आली तर सरळ खाली जातो आणि आवाजही होत नाही. डायबेटिस असलेल्यांनी पोहून झाल्यावर शुगर खाली जाते हे धरून चालायचं, बॅगेत ग्लुकोज बिस्किटाचा पुडा असू द्या.

बरमुडा, टी-शर्ट, पंजाबी ड्रेस चालतो का?

कॉटनचं काहीच नाही. लोकांना वाटतं हा उगाच कडक नियम आहे, पण कॉटन पाणी पितं आणि अंगावर ओल्या गोधडीसारखं जड होतं, नवशिक्याला तेवढंच पुरतं बुडायला. शिवाय त्याचे धागे फिल्टरमध्ये जाऊन अडकतात, रंग सुटतो तो वेगळाच. नायलॉन, पॉलिएस्टर, लायक्रा, असल्या कापडाचा स्विमिंग कॉस्च्युम घ्या. बायकांसाठी फुल बाह्यांचा आणि घोट्यापर्यंत लेगिंगचा कॉस्च्युम सगळीकडे मिळतो, त्यामुळे कसं दिसेल, कोण बघेल, ही काळजी सोडा, लग्नात आपण यापेक्षा उघड्या पाठीचे ब्लाउज घालतो. कॉस्च्युमच्या आत साधी अंडरवेअर घालून येणाऱ्या मुलांना सांगून सांगून सर थकलेत.

कॅप लागते, गॉगल घ्या. घरच्या नंबरच्या चष्म्याशिवाय दिसत नसेल तर नंबरचे स्विमिंग गॉगलही मिळतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून मात्र पाण्यात जाऊ नका, लेन्सखाली जंतू अडकले की डोळ्याला गंभीर इन्फेक्शन होऊ शकतं.

घरून आंघोळ करून आलोय, तरी परत शॉवर का घ्यायचा?

हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे जरा लांबेल.

घरून आंघोळ केली, मग ॲक्टिव्हा काढली, मांडवीच्या ट्रॅफिकमधून घामाघूम होत पूलला पोचलात. तो घाम, धूळ, सनस्क्रीन, डिओ, डोक्याचं तेल, सगळं घेऊन तुम्ही पाण्यात उतरणार. आता पाण्यात क्लोरीन असतं ते जंतू मारायला. पण क्लोरीनला घाम आणि लघवी सापडली की ते आधी त्यांच्याशीच भिडतं आणि त्यातून क्लोरामाइन नावाचा प्रकार तयार होतो. पूलला जो उग्र वास येतो ना, ज्याला आपण "आज क्लोरीन जास्त टाकलंय" म्हणतो, तो बहुतेक वेळा या क्लोरामाइनचा असतो. डोळे लाल होतात, घसा खवखवतो, खोकला येतो, ते याच्यामुळेच. म्हणजे जास्त वास याचा अर्थ पाणी जास्त स्वच्छ असा नसून लोकांनी शॉवर घेतलेला नाही असा असतो. नीट सांभाळलेल्या पूलला वास अगदी कमी येतो.

सकाळी पहिल्या बॅचच्या आधी गेलात तर बघायला मिळेल, तिथला माणूस पाण्यात हात घालून एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत दोन नळ्या भरून घेतो. एका नळीत एका बाटलीचे थेंब टाकतो, पाणी पिवळं होतं, दुसरीत दुसऱ्या बाटलीचे टाकले की गुलाबी-लाल होतं. मग डबी उजेडाकडे धरून बाजूच्या रंगाच्या पट्ट्यांशी जुळवून बघतो. पिवळा म्हणजे क्लोरीन, साधारण १ ते ३ पीपीएम (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात १ ते ३ भाग) असावं लागतं. लाल म्हणजे पीएच, पाणी किती आम्लारी की अल्कलारी ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ च्या मध्ये. पीएच वर गेला तर कितीही क्लोरीन ओता, ते धड काम करत नाही. हे सगळं जुळवून ठेवलेलं पाणी मग आपण पन्नास माणसं जाऊन बिघडवतो.

२५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पूल धरला तरी त्यात पावणेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. ते रोज बदलत नाहीत, बदलणं परवडणारही नाही, तेच पाणी फिल्टरमधून फिरत राहतं. आधी वापरलेलंच पाणी असतं म्हटल्यावर काही लोक नाक मुरडतात, पण त्यात काही वाईट नाही, जगात सगळीकडे असंच चालतं. फक्त एका मिनिटाचा शॉवर घ्या, अंग चोळून, नुसतं दोन थेंब उडवून नाही. आणि लघवीला जाऊन या. लहान मुलांना तर आठवणीने न्या. मोठ्यांनाही सांगावं लागतं हे लिहिताना लाज वाटते पण लागतं.

डोक्याला तेल लावलं तर केस वाचतात म्हणे?

वाचत असतील तुमचे, पण पाण्यावर तवंग येतो त्याचं काय? एका पूलवर आमच्या बॅचला एक बेन रोज चपचपीत तेल लावून यायच्या, कोणी बोललं की "खोबरेल तर नॅचरल असतं" म्हणायच्या. साधा उपाय असा आहे की उतरण्याआधी केस साध्या पाण्याने पूर्ण ओले करा. ओले केस पूलचं पाणी कमी शोषतात. वरून कॅप. पोहून झालं की लगेच शॅम्पू, आणि तेल मग घरी जाऊन हवं तेवढं लावा.

टिकल्या घरीच काढून ठेवा, त्या नंतर भिंतीला चिकटलेल्या सापडतात. मंगळसूत्र, चेन, अंगठी घालून येऊ नका, गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी सुळकन निघून जाते.

वय चाळीस-पन्नास झालं, आता काय शिकणार?

शिकता येतं. मोठ्यांची अडचण शरीरापेक्षा भीतीची असते, आणि भीतीपेक्षा लाजेची, की शेजारच्या लेनमध्ये सात वर्षांचं पोरगं सपासप जातंय आणि आपण दांडी धरून उभे. असू द्या ना.

चांगला कोच पहिले काही दिवस हात मारायला शिकवतच नाही. आधी दांडी धरून तोंड पाण्यात घालायचं आणि नाकातोंडाने बुडबुडे सोडायचे, वर येऊन तोंडाने श्वास घ्यायचा. हे कंटाळवाणं वाटतं पण सगळं पोहणं यावरच आहे. पाण्यात श्वास सोडायचा राहिला की वर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही एकदम करायला जातो माणूस, आणि मग गटांगळ्या. नंतर तरंगणं. छातीत हवा भरली असेल तर बहुतेक शरीरं पाण्यापेक्षा किंचित हलकीच असतात, आपोआप वर राहतात, पण नवशिका घाबरून डोकं वर उचलतो आणि डोकं वर गेलं की पाय खाली जातात. मान सैल सोडा, कान पाण्यात जाऊ द्या, छताकडे नाहीतर आकाशाकडे बघा. आमच्या बॅचच्या एक काकू कितीतरी दिवस पायऱ्या सोडायला तयार नव्हत्या. कोच मॅडमनी त्यांच्या पाठीखाली नुसती दोन बोटं ठेवली होती, आणि ती कधी काढली ते काकूंना कळलंच नाही, त्या आपल्या उताण्या तरंगत "सोडू नका हं, सोडू नका" म्हणत होत्या.

माझं मत विचाराल तर फ्रीस्टाइल सुंदर येण्यापेक्षा उताणं तरंगणं आणि जागच्या जागी पाणी तुडवत उभं राहणं, या दोन गोष्टी आधी पक्क्या करा. स्टाइल नंतर बघू.

हात किंवा पाय अधू असेल तर?

उलट पाणी अशा शरीराला बरंच सोयीचं पडतं कारण वजन पाणी उचलतं. आपले मुरलीकांत पेटकर आठवा, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले आणि १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. २०१८ ला पद्मश्री मिळाली. पूल निवडताना मात्र रॅम्प आहे का, पायऱ्या कशा आहेत, ओल्या फरशीवर धरायला काही आहे का, हे स्वतः जाऊन बघून घ्या.

मुलांना कितव्या वर्षी घालावं?

पाण्याची ओळख लवकर करून द्यायला हरकत नाही, पण कोचचं ऐकून तसं करायला साधारण पाचेक वर्षांचं मूल लागतं. पूलचा स्वतःचा वयाचा, उंचीचा नियम असतो तो वेगळा. बेबी पूल आहे म्हणून आई मोबाइलमध्ये आणि बाबा चहाला, हे नको. हाताला लावायचे फुग्यांचे बँड आणि टायरसारखी ट्यूब खेळणी आहेत, सेफ्टी नाही, हवा जाते, मूल त्यातून खाली सरकतं. लहान मूल हाताच्या अंतरावर पाहिजे, काठावरून बघणं वेगळं.

आणि बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं हात वर करून ओरडत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर वरखाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ नसतो तर ओरडणार कुठून. डोकं मागे, नजर हरवलेली, शरीर उभं आणि पाय हलत नाहीत, असं मूल दिसलं की "खेळतंय" म्हणू नका.

कोणी बुडतंय असं दिसलं तर उडी मारायची का?

नाही! आधी लाइफगार्डला ओरडून बोलवा. मग काठावर पालथं झोपून काहीतरी पुढे करा, बांबू, काठी, टॉवेल, ओढणी, नाहीतर ट्यूब फेका. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्यालाच धरून खाली दाबतो, चांगले पोहणारेही असे जातात.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरागरा फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे सगळं बंद करा, त्यात वेळ जातो आणि पोटातलं छातीत जातं. श्वास नसेल तर सीपीआर. बुडालेल्याला हवा कमी पडलेली असते म्हणून ज्याला येतं त्याने आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीच्या मध्यावर ३० दाब आणि २ श्वास, असं चालू ठेवायचं, दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२०. येत नसेल तर नुसते दाब तरी द्या. दुसऱ्या कोणीतरी तोपर्यंत १०८ लावलेला पाहिजे.

पाण्याखाली दम धरायची पैज?

मुलांचा लाडका खेळ आणि सगळ्यात वाईट. पैज जिंकायला मुलं आधी जोरजोरात खूप श्वास घेतात, त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घे असं मेंदूला सांगणारा तोच असतो. सूचना मिळतच नाही आणि पोरगं पाण्याखाली शांतपणे बेशुद्ध होतं. चांगल्या पोहणाऱ्या, धष्टपुष्ट मुलांना हे होतं. दिसलं की थांबवा, तुमचं नसलं तरी.

लेडीज बॅच असते का? पाळीत जावं का?

असते, वेळ बोर्डवर बघा, आणि लेडी कोच आहे का ते फी भरण्याआधी विचारा. पाळीत टॅम्पॉन किंवा कप वापरून जाता येतं, पॅड चालत नाही, ते पाणी शोषून फुगतं. नको वाटलं तर नका जाऊ, एवढंच.

जेवून जावं की उपाशी?

पोटभर जेवून नको, तासा-दीड तासाचं अंतर ठेवा. अगदी उपाशीही नको, केळं, दोन बिस्किटं ठीक. पाण्यात असताना घाम आलेला कळत नाही पण येतो, त्यामुळे पाणी प्या. बाकी पोहून पोट कमी होतं का विचारणाऱ्यांना सांगते, गार पाण्यातून निघाल्यावर जी भूक लागते ती सरळ सेव-उसळच्या गाडीवर नेते, एक्स्ट्रा तरी आणि चार पाव. मग वजन काटा काय दाखवणार!

सर्दी, जुलाब, डोळे आलेले असतील तर?

घरी बसा. खरूज, नायटा, उघडी जखम असेल तरी तेच. जुलाबाचं जरा गंभीरपणे घ्या कारण त्यातले काही जंतू, क्रिप्टोस्पोरिडियम म्हणून एक आहे, क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जिवंत राहतात. पोट बरं झाल्यावरही दोन आठवडे थांबलेलं चांगलं. बॅच बुडते, फी जाते, सगळं खरं, पण पाणी सगळ्यांच्या तोंडात जातं.

कानात पाणी गेलं की काय करायचं?

डोकं एका बाजूला वाकवून कानाची पाळी हळू ओढा, निघतं. टॉवेलच्या टोकाने बाहेरून पुसा. बड, पिन, दुचाकीची किल्ली (हो, बघितलंय) आत घालू नका. पाळी ओढली की दुखत असेल किंवा कान वाहत असेल तर कानाचं इन्फेक्शन असू शकतं, डॉक्टरकडे जा.

पावसाळ्यात पूल चालू असतो का?

साधा पाऊस असेल तर पोहायला उलट मजा येते. पण ढग गडगडले की बाहेर, शिट्टीची वाट न बघता, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही. पूर येऊन गेल्यावर पूलचं पाणी पूर्ण बदलून, फिल्टर साफ करून मगच बॅच सुरू झाली ना, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पाण्याचा तळ आणि तळाच्या रेषा स्पष्ट दिसत नसतील तर त्या दिवशी उतरू नका, कारण गढूळ पाण्यात खाली गेलेलं माणूस लाइफगार्डलाही दिसत नाही.

रील काढता येईल का?

नाही. बाकीचे लोक कॉस्च्युममध्ये आहेत, त्यात लहान मुलं आहेत. मोबाइल लॉकरमध्ये.

सुट्टीला भाचे येणार आहेत, त्यांना माझ्या पासवर नेलं तर?

तुमचा पास तुमचाच. पाहुण्यांसाठी एका वेळेचं तिकीट देतात का ते त्या पूलच्या काउंटरवर विचारा, आणि दिलं तरी भाच्यांना पोहता येतं का ते तुम्ही स्वतः उथळ बाजूला आधी बघा, "मामी मला येतं" यावर विश्वास ठेवू नका.